पायाशी बसणारी

पाळकसाहेबांनी "रोज सकाळी वचन आणि मनन" असं सांगितल्यापासून आमचे हे पहाटेच बायबल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसतात. म्हणजे टेबल त्यांचं; आणि डबे, इस्त्री, लेकीची वेणी हे सगळं माझं, तेही आवाज न करता. मिक्सर लावला की ह्यांचे डोळे मिटलेलेच राहतात, पण भुवई वर जाते.

सोमवारी मनन फारच खोल गेलं. येशू ज्यांच्या घरी आला त्या दोघी बहिणींची गोष्ट होती. एक पाहुणचारात गुंतलेली, दुसरी सगळी कामं सोडून त्याच्या पायाशी ऐकत बसलेली.

"बघ," हे म्हणाले, "तू त्या पहिलीसारखी. सारखी आपली धावपळ. जरा दुसरीसारखं बसायला शीक. आणि हा चहा गार झालाय, दुसरा आण."

मंगळवारी मी शिकले. गॅस पेटवलाच नाही. माझं बायबल घेऊन ह्यांच्या समोर बसले आणि डोळे मिटले. ह्यांनी आधी घसा खाकरला, मग खुर्ची सरकवली, मग रिकामा कप बशीवर वाजवून पाहिला. लेक येऊन म्हणाली, "बाबा, माझा डबा?" मी मननातच होते.

बुधवारी ह्यांनी त्याच बायबलातला, अंधारात उठून घरादाराला जेवू घालणाऱ्या सद्गुणी बायकोचा अध्याय शोधून काढला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं वाचला.