वाकडा चमचा

"तळलेलं सोडून काही आहे का?" मिरचीनं विचारलं.

टपरीवाल्यानं कढईकडे मान वळवली. "तळलेलंच आहे, पण ताजं आहे."

"मरायचंच तर ताजं खाऊन मरू, असं ना?" ती म्हणाली आणि तरातरा पुढं निघाली.

पाण्याचे मीटर वाचत दिवसभर गल्ल्या तुडवणाऱ्या या बाईला मिरची हे नाव ऑफिसातल्यांनी ठेवलं होतं आणि तिच्या जिभेला ते शोभत होतं. पोटात व्रण झाला तेव्हा डॉक्टरांनी मिरचीला मिरची बंद केली. ऑफिसला हसायला तेवढं पुरलं. तेल नको, तिखट नको, उपाशी तर मुळीच राहायचं नाही. सांगायला डॉक्टरांचं काय जातं? रस्त्यावर परवडतं ते तेलात पोहत असतं आणि पोटाला सोसतं ते काचेच्या दाराआड, गार हवेत बसणाऱ्यांच्या पुढ्यात. गरिबानं चांगलं खाऊच नये, असं कुणीतरी ठरवूनच टाकलंय. या विचारानं तिचं पोट आणखी जळायचं.

इस्पितळाच्या मागच्या गल्लीत तिला ती डबेवाली सापडली, तेव्हा म्हणूनच तिचा विश्वास बसेना. घडीचं टेबल, त्यावर पांढऱ्या डब्यांची चळत. आत मऊ भात, पातळ डाळ, उकडलेल्या भाज्या आणि एक केळं. किंमत इतर ठिकाणच्या निम्मी.

"मीठ कमी आहे हं ताई," डबेवाली आधीच म्हणाली.

"मला तसंच हवंय." मिरचीनं पहिला घास घेतला. "शेगडी दिसत नाही कुठं?"

"आमच्या दादाची एका मोठ्या स्वयंपाकघरात ओळख आहे. तो आणून देतो. संपले की संपले."

त्या दिवसापासून मिरची दुपारचं काम आटोपलं की इथं यायची, भिंतीला टेकून जेवायची आणि मग इस्पितळात दाखल असलेल्या वडिलांना भेटायला वर जायची. पोटाची आग शांत झाली. डोक्याची काही होईना.

वडील वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होते. ऑपरेशन करायचं होतं, पण अंगात ताकद आल्याशिवाय हात लावणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं आणि फार थांबताही येणार नाही, हेही सांगितलं होतं. ताकद मात्र रोज थोडी थोडी कमीच होत होती. गालांची हाडं वर आली होती.

"जेवलात का?" ती रोज विचारायची.

"आलंच नाही गं," ते रोज म्हणायचे.

ताप डोक्यात गेल्यापासून त्यांच्या बोलण्याचा भरवसा उरला नव्हता. कधी ते आईला हाक मारायचे, आणि आईला जाऊन वर्षं झाली होती. तरी मिरचीनं वॉर्डात जेवण वाटणाऱ्या वॉर्डबॉय मामांना धरलंच.

"मी स्वतः समोर ठेवतो," मामा शांतपणे म्हणाले. "ते तोंड फिरवतात. म्हाताऱ्या माणसाला जबरदस्ती कशी करायची, ताई? तुम्हीच समजावा."

"आणि त्यांचा चमचा? तो कुठंय?"

आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेल्या वडिलांचे हात आता थरथरायचे. घास तोंडापर्यंत जाताना निम्मा सांडायचा. म्हणून मिरचीच्या नवऱ्यानं जाड चमच्याचा दांडा पकडीनं वाकवला होता आणि मुठीत नीट बसावा म्हणून त्याला वायरीची हिरवी चिकटपट्टी गुंडाळली होती. तो त्यांच्याजवळ ठेवायला ती गेली, तर मामांनी अडवलं होतं. बाहेरची वस्तू खाटेपाशी चालत नाही. स्वयंपाकघरात द्या, उकळून जेवणाबरोबर येईल. तिनं दिला होता.

"येतो की जेवणाबरोबर," मामा म्हणाले. "जेवणाबरोबर परत जातो."

त्या दिवशी वडिलांना उठून बसताही येईना. डॉक्टर येऊन गेले आणि ऑपरेशन पुन्हा पुढं ढकललं. मिरचीचा तोल सुटला.

"किती नखरे करायचे, बाबा? इथं फुकट, वेळेवर, पथ्याचं समोर येतंय. मी घासभर बऱ्या जेवणासाठी सगळे गल्लीबोळ पालथे घालते आणि तुम्ही तोंड फिरवता? मग राहा उपाशी."

शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे वळला.

"चिडू नकोस गं," वडील म्हणाले. "आलं की खाईन."

ती ताडताड जिना उतरली. खालच्या पायरीवर तिला स्वतःचीच लाज वाटली. आजारी माणसावर आवाज चढवून काय मिळवलं? त्यांना हाताला धरून भरवायला हवं होतं. बाहेरचं अन्न आत नेऊ नये, अशी भलीमोठी पाटी दारावर होती. गेली ती पाटी चुलीत. मीटरच्या पिशवीत एक डबा सहज मावला असता.

मागच्या गल्लीत डबेवाली टेबल आवरत होती. एकच डबा उरला होता.

"तो द्या," मिरची म्हणाली. "वडिलांसाठी हवाय. तुमच्या हातचं नाही, पण तुमच्या पुण्याईनं चार घास तरी जातील त्यांच्या पोटात."

डबेवाली हसली. "जातील की. लहान मूलसुद्धा खाईल असं मऊ असतं." लाकडी चमच्यांचा खोका तिनं उलटा करून पाहिला. "अगंबाई, चमचे संपले. थांबा, डब्यांबरोबर एक आला होता बघा मागं." तिनं पिशवीच्या तळाशी हात घातला. "हा घ्या. दांडा वाकडा आहे जरा, पण कुणीतरी हिरवी पट्टी गुंडाळलीय, त्यामुळं हातात छान बसतो."