खुणेचं फूल

मंगळवेढ्याकडं औंदा पाऊस झालाच नाही, म्हणून कुमारनं दसऱ्याआधीच मेंढरं घाटमाथ्यावर आणली. समोरचा डोंगर सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक झाला होता आणि फुलांच्या बुडाशी हिरवंगार गवत होतं. पण त्याची बायको, पूनम, मेंढरांपुढं काठी आडवी धरून उभी राहिली.

"सरक की. कालपासनं उपाशी हाईत ती."

"सरकते. आदी आपली लेक कुटं निजवलीया, ते दाखवा."

कुमारनं मान खाली घातली. गेल्या साली ते दिवाळी करून आले, तेव्हा सगळा डोंगर वाळून गेला होता. सोनकीचं एकच रोप तेवढं फुललेलं राहिलं होतं. वाटेत तापानं गेलेल्या तान्ह्या लेकीला त्यानं त्याच रोपाच्या बुडाशी माती दिली. पूनम वर दगड रचायला लागली, तर तोच म्हणाला होता, "दगड कशाला? फूल हाय की खुणेला."

त्यानं नजर वर नेली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत फुलंच फुलं होती.

त्यानं उपाशी मेंढरं माघारी वळवली.