बन्सी मास्तरांचं पान

कुणीही लिहू शकेल अशा इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात मी आमच्या आजोबांचं, बन्सी मास्तरांचं, पान सुधारायला घेतलं. शहरातल्या पहिल्या फुटबॉल संघाचे ते मॅनेजर. पण माझ्या प्रत्येक वाक्याशेजारी कुणीतरी शिक्का मारायचं : ‘संदर्भ हवा’.

“मी सोता सांगतोय की!” आजोबा भडकले.

“तुमचं सांगणं चालत नाही. पेपरात छापून यावं लागतं.”

गारखेड्यातल्या ओळखीच्या बातमीदाराला गाठलं. तो म्हणाला, “जित्या माणसाला जागा नाय भाऊ. निधनवार्ता असंल तर उद्याच छापतो.”

“म्हंजी मेल्याबिगर मी मॅनेजर नव्हतो व्हय? आण कागद!”

निधनवार्ता आजोबांनी स्वतःच लिहिली. बारा ओळी फुटबॉल, अर्ध्या ओळीत आजी. ती छापून आली आणि पानावरचे सगळे शिक्के गेले. कुणीतरी तत्परतेनं मृत्यूची तारीखही टाकली. सांत्वनाला आलेल्यांना आजोबांनी चहा पाजून मोबाइलवर पान दाखवलं.

आठवड्यानं मी ती तारीख खोडली आणि लिहिलं, ‘बन्सी मास्तर हयात आहेत.’

पाच मिनिटांत शेजारी शिक्का पडला : ‘संदर्भ हवा’.