गाडी विकणे आहे

"बसा की," गाडीचा म्हातारा मालक म्हणाला, आणि नेमकी तिथेच चूक झाली.

निवृत्त ड्रायव्हरने मागचं दार उघडलं आणि मान किंचित झुकवून बाजूला उभा राहिला. सव्वीस वर्षं तो एका मोठ्या साहेबांची अशीच जर्मन गाडी चालवत होता. त्याचे हात अजून डोक्याला विचारत नव्हते. म्हातारा आत बसला. पलीकडून ड्रायव्हरची बायकोही बसली. गाडी विकत घ्यायला आलेला तो स्वतः पुढे एकटा, स्टिअरिंगवर.

हा बारावा रविवार होता. जुनी जर्मन गाडी, खिशाला झेपेल अशी, एवढंच त्याचं मागणं. आत्तापर्यंत पाहिलेल्या एकीला इंजिन नव्हतं, पण बाकी सगळं ओरिजिनल आहे, असं मालक छातीवर हात ठेवून म्हणाला. एकीची कागदपत्रं ट्रॅक्टरची निघाली. एकीच्या डिकीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. मालकाने एकवीस दिवसांनी यायला सांगितलं. हे दोघं बरोबर बाविसाव्या दिवशी गेले. तेव्हा पिल्लं फार लहान होती.

"आज शेवटचं हं," बायको येताना बसमध्ये म्हणाली होती. "यापुढे कोणाच्या टायरला लाथ मारून बघायला मी येणार नाही. गुडघे संपले माझे."

तरी ती आली होती. साहेबांच्या गाडीत घरच्यांना बसवायची परवानगी नव्हती. सव्वीस वर्षं तिने ती गाडी बाहेरूनच पाहिली, तीही बहुतेक वेळा मागून. 'एक दिवस आपली घेऊ,' असं तो लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बोलून गेला होता. माणूस बोलून जातो आणि मग बारा रविवार जातात.

ही मात्र खरोखर गाडी होती. निळी, बावीस वर्षांची. जाहिरातीत किंमत इतकी कमी होती, की त्याने फोन करून एखादं शून्य राहिलंय का, ते विचारलं होतं.

त्याने आतला आरसा करकरत फिरवून मागच्या सीटवर लावला. या आरशात त्याला आजवर एक उघडं वर्तमानपत्र दिसायचं आणि त्याच्या वर थोडं टक्कल. आज बायको दिसली. ती सीटवर तळहात फिरवत होती, अगदी हळू, कोणी रागावेल अशा बेताने.

"डावीकडे घ्या," म्हातारा म्हणाला. "बोळात शिरल्याशिवाय रिव्हर्स कळत नाही."

बोळाच्या टोकाला म्हाताऱ्याची बहीण राहत होती. तिने लोणच्याची बरणी दिली. मग ब्रेक तपासायला ते चपलांच्या दुरुस्तीवाल्यापाशी थांबले. इंजिनची ताकद बघायला चढ चढले, तर वर औषधांचं दुकान निघालं. म्हातारा काउंटर चाचपत पैसे देत होता, तेवढ्यात दुकानदार पिशवी घेऊन खिडकीपाशी आला.

"आज तुमचा नंबर का? मागच्या रविवारी एक दातांचे डॉक्टर होते. फार धसमुसळं चालवत होते."

"कसला नंबर?"

"यांना दिसत नाही ना आता. तीन वर्षं झाली, लायसन परत केलं. तेव्हापासून गाडी विकतायत."

परतीच्या वाटेवर तो फक्त गाडी चालवत राहिला, नेहमी चालवायचा तशी, मागचा माणूस झोपावा अशी. आरशात बायकोचे डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. म्हाताऱ्याच्या घराचं वळण आलं, तो सरळ पुढे गेला.

"वळण गेलं," डोळे न उघडता म्हातारा म्हणाला.

"हो, साहेब."

येताना त्याने 'काका' म्हणायचं ठरवलं होतं.

शेवटी फाटकापाशी त्याने इंजिन बंद केलं. किल्ली हातातच ठेवली.

"साहेब, एकदाचं सांगून टाका. विकायची आहे की नाही?"

"आहे ना! पण नीट पारखून घ्या. एका फेरीत गाडी कळते होय?"

बायको जागी झाली होती. तिने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा आरशातल्या नवऱ्याकडे, आणि पदर सारखा केला.

"पुढच्या रविवारी मला माझ्या बहिणीकडे जायचंय," ती म्हणाली. "नदीपलीकडे."

"उत्तम!" म्हातारा म्हणाला. "पुलावर सस्पेन्शन कळतं."

ड्रायव्हरने उतरून म्हाताऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तेवढ्यात म्हाताऱ्याचा फोन वाजला.

"हो, आहे गाडी. मंगळवारी दहाला या, डोळ्यांच्या दवाखान्याच्या अंगाला फेरी मारू. आणि एक करा," तो म्हणाला, "आरशाला हात लावू नका. रविवारवाल्यांनी लावून ठेवलेला आहे."