जुलैचं पान

"विमान उडवणं सोपं, शिकवणं अवघड," असं म्हणत शमशुद्दीन सरांनी बिबवेवाडीतल्या आपल्या घरी टेबलावर एका विद्यार्थ्याचं लॉगबुक ठेवलं. दहा वर्षं प्रवासी विमानं उडवून ऋचा आता प्रशिक्षक व्हायला पुन्हा त्यांच्याकडेच आली होती. "यातले उड्डाणाचे खोटे तास शोध." तिनं मिनिटभरात बोट ठेवलं. "हे आठ. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले. शिवाय जुलैच्या झडीत विमान हललंच नसणार." "चष्मा लावूनही मला हे कळायला वीस वर्षं लागली!" सर खूश झाले. सरांनी खिशातलं जुनं पेन तिच्यापुढे धरलं. "आता असे तास तपासून सह्या तू करणार. डोळे झाकून सही मी आयुष्यात एकदाच केली, तुझ्या लॉगबुकावर." पेन न घेता तिनं बॅगेतून स्वतःचं शिकतानाचं जुनं लॉगबुक काढलं, जुलैचं पान उघडलं. "सर, हे तपासायचं राहिलंय."