चोख रेकॉर्डिंग

श्रीरंगने प्लेअर घेताना चार दुकानं पालथी घातली. गाणी वाजवणारे सगळेच होते, त्याला रेकॉर्डिंग चोख हवं होतं. प्रत्येक दुकानदाराला त्याने लांबच्या कोपऱ्यात उभं करून कुजबुजायला लावलं. चौथा पुटपुटला, "कुठून येतात हे लोक," आणि यंत्राने ते लख्ख टिपलं. श्रीरंगने तोच प्लेअर घेतला.

प्लेअर त्याच्या गाण्याच्या बाईंनी मागवला होता. वय बहात्तर. "आवाज उरलाय का, ते माझं मला ऐकू दे," त्या म्हणाल्या होत्या. "तोंडावर कोणी खरं सांगत नाही रे."

रविवारी बाई मैफलीत गायल्या. श्रीरंग प्लेअर मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत बसला होता. सोमवारी बाईंनी घरी कानात इअरफोन घालून सगळं ऐकलं, आणि तो समोर चहा घेत शाबासकीची वाट पाहत राहिला.

"मशीन उत्तम घेतलंस," त्या म्हणाल्या. "तानपुरा स्वच्छ आलाय. आणि तू शेजारच्याला म्हणालास ना, 'बाईंना आता सूर लागत नाही, नुसती धाप लागते,' तेही."

धरणीने पोटात घ्यावं असं श्रीरंगला झालं. पण बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर; पायाखालचं दुभंगलं असतं तरी तो फार तर खालच्या पेंडश्यांच्या स्वयंपाकघरात पडला असता.

"बाई, चुकलं माझं. तेवढं पुसून टाकतो."

"ते राहू दे. त्यासाठीच तर मशीन आणवलं. तुझ्या त्या वाहवा तेवढ्या पूस."

त्याने मान खाली घालून मोजल्या. सतरा निघाल्या.