उजवा कोपरा

"रेमेई, हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. कुणाला बोलू नकोस."

ओलेगेरसाहेबांचा आवाज साठ वर्षांनी पुन्हा कानाशी आला, तेव्हा रेमेई त्यांच्या बार्सिलोनातल्या संग्रहालयाच्या पायऱ्या चढत होती. नात ओनानं तिचा दंड धरला होता.

"पोपडे बघ भिंतीचे," रेमेई कुरकुरली. "एवढा मोठा चित्रकार, आणि दाराशी ही कळा! आमच्या गावात मारियामातेच्या सणाआधी घर असं ठेवलं, तर शेजारणी बोलायच्या बंद व्हायच्या."

"आजी, आपण काय भिंती बघायला आलोय?"

ओना हसली, पण वरवर. कलाशाळेनं तिला दुसऱ्यांदा नाकारलं होतं. रंगांची पेटी तिनं विकायला काढली होती. ते कळल्यावरच, इतकी वर्षं इथे पाऊल न टाकलेली रेमेई म्हणाली होती, "मला साहेबांकडे घेऊन चल."

शेवटच्या दालनात 'मौन' होतं. साहेबांच्या गावातल्या स्वयंपाकघराची अख्खी भिंत, कापून आणलेली. पांढरी, पण आत कुठेतरी निळाई जागी. पहाट दुधात कालवावी तशी. खाली बारीकशी सही.

"या भिंतीवर ते दोन महिने कोळशानं चित्र काढत होते," माहिती देणाऱ्या बाई लोकांना सांगत होत्या. "मग एके दिवशी सगळं या रंगाखाली मिटवून टाकलं. हा रंग पुन्हा त्यांनाही साधला नाही. आणि हा उजवा कोपरा पाहा. इथे हात थांबलाय. या थांबण्यावर ग्रंथ लिहिले गेलेत."

रेमेईनं मान खाली घातली.

ओनानं तिला बाकावर बसवलं. "आजी, खरं सांग. तू त्यांच्याकडे कामाला होतीस. ही भिंत ज्या वर्षीची, आईचा जन्मही त्याच वर्षीचा. आणि त्यांचं नाव निघालं की तू गप्प होतेस."

"मग?"

"मी रागावणार नाही गं. उलट... त्यांचं रक्त असेल माझ्यात, तर पेटी ठेवीन मी."

"आचरट कुठली! तुझ्या आईचं नाक बघितलंस? थेट तुझ्या आजोबांचं. बटाटा नुसता!"

ओनाला हसू आलं नाही. डोळे भरून आले. "म्हणजे माझ्यात काहीच नाही."

रेमेईनं भिंतीकडे पाहिलं. तळहातावरच्या जुन्या पांढरट डागांवरून अंगठा फिरवला. साहेब जाऊनही आता तीस वर्षं झाली होती. ती नातीच्या कानाशी वाकली.

"पेटी विकू नकोस. त्यांचं रक्त नाही तुझ्यात, पण ही भिंतही त्यांची नाही. सण दुसऱ्या दिवसावर आलेला, साहेब बाहेरगावी, आणि भिंत कोळशानं ही बरबटलेली. पाहुणे काय म्हणतील? मीच चुन्यात मूठभर नीळ घातली नि मारला हात. त्या कोपऱ्याशी पोचले, तर बादली संपली."